चीटीअक्कांचा पहिला महिना

चीटीअक्कांनी पदर खोचला की वीस घरे गप्प बसत. आमच्या चिकपेटच्या गल्लीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या ओसरीवर चीटी, म्हणजे भिशी, भरे. प्रत्येकाने ठरलेली रक्कम आणायची. ज्याला निकड असेल त्याने लिलावात त्यातला काही भाग सोडून उरलेली उचलायची. आमच्या समाजात आज सांगितले जाते की, या बाईंनी जगाला काटकसर शिकवली आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नाचा पैसा उधळला. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या ओसरीवर कधी चढले नव्हते. उरलेल्यांनी चौकशी केली नाही. खरे काय ते मला ठाऊक आहे.

बोली लावणाऱ्याला त्या सर्वांदेखत विचारत, "कशाला पाहिजे?" शिक्षणाला म्हटले की इतरांनी माघार घ्यायची, हा त्यांचा नियम. लग्नाला म्हटले की पुढचा प्रश्न, "किती पानं?" एकाने पाचशे सांगितली. "तीनशे करा. वरची दोनशे माणसं लेकीचा संसार चालवायला येणार आहेत काय?"

नव्वदीनंतर आमच्या गिरणीत कपात झाली आणि माझी नोकरी गेली. मी घरी सांगितले नाही. तीन महिने डबा घेऊन निघायचो आणि बागेतल्या बाकावर बसून तो खायचो. त्यातच माझ्या मंगलला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. फी सोमवारपर्यंत भरायची होती. नवी चीटी त्याच रविवारी सुरू होणार होती. पण पहिल्या महिन्याची रक्कम रिवाजाप्रमाणे चीटी चालवणाऱ्याची, तिला लिलाव नाही. अक्कांनी ती शकूच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, लग्नासाठी राखली होती.

शनिवारी मी पत्नीचे मंगळसूत्र घेऊन सावकाराच्या पायरीवर उभा होतो. मागून अक्कांचा आवाज आला, "गिरणी इथं भरते होय, अण्णा?"

"थोडी हौस होती, तिला पैसे हवे होते," मी म्हणालो.

"हौसेला कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकत नाही. घरी जावा."

रविवारी संध्याकाळी त्या स्वतः आल्या आणि फडक्यात बांधलेली ती रक्कम माझ्यापुढे ठेवली. "स्वल्प स्वल्प करून फेडा."

"आणि शकूचं लग्न?"

"लग्न थांबतं, अण्णा. कॉलेज थांबत नाही."

नवरदेवाकडचे थांबले नाहीत. गल्लीने ओसरीवर जाब विचारला, लेकीच्या लग्नाचा पैसा गेला कुठे? अक्का एवढेच म्हणाल्या, "खर्च झाला." मी समोरच बसलो होतो. इतरांची नजर चुकवून त्यांनी मला मान हलवून नको म्हटले आणि मी ते मानले. नोकरी गेल्याचे कळले असते तर मला कोणी उभे केले नसते, असे मी स्वतःला बजावले. भित्रेपणाला मी तेव्हा अब्रू म्हणत होतो. त्या महिन्यानंतर अक्कांच्या हाती कोणी चीटी दिली नाही.

एका दुकानात कारकुनी करून मी पाच वर्षे फेडत राहिलो. शेवटचा हप्ता घेऊन गेलो तेव्हा मंगल नोकरीला लागली होती आणि अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. अजून बिनलग्नाची शकू उंबऱ्याशी बसून दुकानाच्या साड्यांना फॉल लावत होती. अक्कांनी नोटा मोजल्या आणि हाक मारली, "शकू, तुझी चीटी पुरी झाली गं."

शकूने दातांनी दोरा तोडला. मान वर केली नाही.

"कशाला पाहिजे, म्हणून विचार की, आई."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. मी चपला घालून खाली उतरलो.