सत्यवतीबाईंचा जंजिरा

रेवदंड्याच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सत्यवतीबाई मूळच्या पालीच्या. सहलीचं काम दरवर्षी त्यांच्याच गळ्यात पडायचं आणि त्या ते आवडीनं करायच्या. मुंबईच्या संग्रहालयातलं नाण्यांचं दालन, पुण्यातली जुनी शस्त्रं, रोपवेनं रायगड, सगळं त्यांनी मुलांना दाखवलं होतं. अलिबागचा कुलाबा किल्लासुद्धा. पण तिथं ओहोटीला सगळे चालत गेले आणि समुद्र पाठीमागे लागल्यासारखी बाईंनी पोरं पळवत परत आणली.

एका डिसेंबरात सातवीतली आफरा वर्गात उठून म्हणाली, "बाई, जंजिऱ्याला का न्हाय जायचं? माझे मामू राजपुरीला होडीवरच हायत."

"भरती-ओहोटीचं गणित जमत नाही गं," बाई म्हणाल्या.

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी भरतीची वेळ दुधाच्या वेळेसारखी सगळ्यांना पाठ. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी फळा पुसला आणि तास संपायच्या आत वर्ग सोडला.

मधल्या सुट्टीत फिरोजा मॅडम त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. दोघी एकाच वर्षी या शाळेत आलेल्या. सत्यवतीबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. लहानपणी अंबा नदीवर आईबरोबर धुणं धुवायला गेल्या होत्या. पाय घसरला. काकांनी केसांना धरून बाहेर काढलं. तेव्हापासून पाय जमिनीवरून सुटून पाण्यावर गेला की त्यांना श्वासच घेता यायचा नाही. साळावचा पूल ओलांडतानाही त्या एसटीत खिडकीपासून लांबच बसायच्या.

"कोळ्यांच्या पोरांची बाई मी, आणि पाण्याला घाबरते. सांगू कुणाला?"

फिरोजा हसल्या नाहीत. "मग होडीत मी जाते, तुम्ही धक्क्यावर थांबा. त्यात काय एवढं?"

बाईंच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. त्या हुरूपानं तयारीला लागल्या. आधी कोर्लईचा किल्ला, मग काशीदला डबे, दुपारी जंजिरा. गडाच्या दारावरच्या कोरीव वाघाच्या पंजात किती हत्ती आहेत ते मुलांनी शोधायचं, तोफांची नावं विचारायची, भर खाऱ्या पाण्यात गोडं तळं कसं असेल त्यावर विचार करायचा. सगळं फिरोजांना नीट समजावून दिलं. पालकांमधून वर्गातल्या कल्पिताच्या आई, मासळी विकणाऱ्या सखुबाई सोबत यायला तयार झाल्या.

सहलीच्या सकाळी गाडी शाळेसमोर उभी आणि फिरोजांचा फोन आला. त्यांची अम्मी न्हाणीघरात पडली होती. पायाचं हाड मोडलं असावं. त्या तिला घेऊन अलिबागला निघाल्या होत्या.

मुख्याध्यापक हरेश्वर सरांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही तर धक्क्यावरच थांबणार. एवढ्या मुली आणि होडीत बाई शिक्षिका नाही, हे मला चालणार नाही. कोर्लई बघू, काशीदला जेवू आणि परत येऊ. जंजिरा राहू दे."

गाडीतल्या मुलांनी ते ऐकलं. कुणी तक्रार केली नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. आफरानं मामूसाठी नानखटाईचा डबा आणला होता. तो तिनं हळूच सीटखाली सरकवला.

"सर, थांबा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मी जाईन होडीतून."

राजपुरीच्या धक्क्यावर त्यांना स्वतःच्या शब्दाचा पश्चात्ताप झाला. होडी खालीवर होत होती. मुलं टणाटण उड्या मारून आत गेली. बाई मात्र एक पाय पुढे टाकून तशाच उभ्या. सखुबाईंनी त्यांचा घामेजलेला हात पाहिला आणि काय ते ओळखलं. त्यांनी बाईंच्या दंडाला घट्ट धरलं.

"पाण्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा. मी सोडणार न्हाय."

शीड फुगलं. बाईंनी सखुबाईंच्या मनगटात बोटं रुतवली. तोंडानं त्या काहीतरी पुटपुटत होत्या. पालीच्या बल्लाळेश्वराचा धावा असावा. मधेच डोळा उघडला आणि चहूकडं नुसतं हिरवं पाणी दिसलं. त्यांना मळमळून आलं आणि त्या होडीच्या कडेला ओकल्या.

मुलांचं लक्ष गेलं. कुणीतरी हसणार, तेवढ्यात आफरा उभी राहिली आणि किल्ल्याकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात बोलायला लागली. बुरूज किती, बांधायला किती वर्षं लागली, अर्धं खरं आणि अर्धं मामूनं सांगितलेलं. सगळी मुलं तिकडं तोंड करून बसली. पलीकडं पोचेपर्यंत एकानंही मान वळवली नाही.

दरवाजाशी लाट होडीला आपटत होती. आफराच्या मामूंनी आणि सखुबाईंनी मिळून बाईंना उचललंच म्हणा ना. दगडावर पाय टेकले तेव्हा त्या जरा वेळ भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि वर पाहिलं. इतकी वर्षं पुस्तकातल्या चित्रावरून शिकवलेला तो वाघ हत्ती पंजात धरून खराच तिथं होता.

"मोजा," त्या म्हणाल्या. "आणि सांगा, असं चित्र कुणी कशाला कोरलं असेल?"

परतीला वारा वाढला होता. भीती काडीइतकीही कमी झाली नव्हती. पण या वेळी त्यांच्या दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या, न सांगता, अगदी चिकटून.

संध्याकाळी मुलं घरोघर पोचल्यावर सत्यवतीबाई रिक्षा करून थेट अलिबागच्या दवाखान्यात गेल्या. अम्मीच्या पायाला प्लास्टर होतं आणि ती शांत झोपली होती. फिरोजांनी बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"गेलात?"

"गेले."

"परत जाल?"

"इतक्यात विचारू नका हो."

मग त्या हत्तींविषयी सांगायला लागल्या, मुलांनी काय काय उत्तरं दिली ते. बोलता बोलता खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. फिरोजांनी वाकून त्यांच्या पायांतल्या खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या चपला हळूच काढल्या आणि पंख्याखाली वाळत ठेवल्या.