साने बसले की गाडी बंद

मी एका सरकारी कंपनीत ऑडिटला आहे. ज्याचं व्हाउचर नाही ते माझ्या लेखी घडलेलंच नाही, त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. तुम्हीही हा तसाच वाचा, माझी हरकत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो. नावं बदलली आहेत.

आम्ही बरीच वर्षं कोलकात्यात, सॉल्ट लेकला राहतो. इथल्या मराठी मंडळातले साने दरवर्षी भूतानची टूर काढतात. सियालदहहून रात्रीची गाडी, सकाळी हासीमारा, मग सीमेवरच्या फुन्शोलिंगला परमिट आणि पुढे भूतानी ड्रायव्हरच्या गाड्या. टूरची ख्याती एकच - आपला आचारी बरोबर. त्याची व्हॅन पुढे जाते, आणि मंडळी पोचतात तेव्हा तव्यावरची पोळी तयार! "डोंगरात गरम पोळी" हे सान्यांचं ब्रीदवाक्य. पानात वाफाळती पोळी आणि मागे हिमालय, असे फोटो ते दरवर्षी टाकतात. त्यावरच पुढची टूर भरते.

तीन वर्षांपूर्वी माझी ताई आणि भावोजी नाशिकहून आमच्याकडे आले आणि या टूरला गेले. थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुला नावाची खिंड लागते. तिथे दाट धुकं होतं. गाडीत चौघं - ड्रायव्हर कर्मा, त्याच्या शेजारी साने, मागे ताई आणि भावोजी. कर्माने गाडी बाजूला घेतली. धुकं निवळू द्या म्हणाला. सान्यांनी ऐकलं नाही. खाली आचाऱ्याने पुरणपोळ्या लाटायला घेतल्या होत्या. "चलो, चलो, खाना ठंडा हो जाएगा" - हे भावोजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढच्या वळणावर गाडी उलटली. ताई जागच्या जागी गेली.

चौकशीत साने म्हणाले, "मी थांबच म्हणत होतो, ड्रायव्हरनेच घाई केली." भावोजींच्या डोक्याला मार लागला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी धरलं नाही. कर्माचं लायसन्स गेलं. साने मात्र दुखावलेल्या मानेचा पट्टा निघताच पुढच्या टूरच्या तयारीला लागले.

मला सान्यांचं नुकसान नको होतं. मला त्यांच्या तोंडून ते वाक्य हवं होतं, चारचौघांत. म्हणून पुढच्या वर्षी मी आणि सुनंदा - माझी बायको - त्यांच्याच टूरला गेलो. वारलेल्या माणसासाठी भूतानमध्ये डोंगरावर पांढऱ्या पताका उभारतात. ताईसाठी त्या उभारायच्या आहेत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. माझा बेत साधा होता. त्या वळणावर सगळ्यांना उतरवायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं.

विचारायची वेळच आली नाही.

स्वच्छ ऊन होतं. खिंड ओलांडून उतार लागला आणि ते वळण यायच्या जरा आधी आमची गाडी बंद पडली. साने पुढच्या सीटवर. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, डिझेल पाहिलं, बॅटरीच्या वायरी हलवल्या. साने वैतागून खाली उतरले - आणि गाडी सुरू. ते बसले - बंद. पुन्हा उतरले - सुरू!

"साने, वजन कमी करा हो!" मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. सानेही हसले आणि मागच्या गाडीत जाऊन बसले. ती बंद. तिसरी... तीही बंद. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आमचा ड्रायव्हर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायला लागला आणि सान्यांना गाडीत घ्यायला त्याने साफ नकार दिला.

साने चालत निघाले. तीनही गाड्या त्यांच्या मागून, त्यांच्या चालीने. पताका उभारायला आम्ही थांबलो तेव्हा ते दूर उभे राहिले, जवळ आले नाहीत. उतार संपेपर्यंत त्यांना कुठल्याच गाडीत बसता आलं नाही. आचाऱ्याच्या पोळ्या केव्हाच चिवट झाल्या होत्या. मी तसल्या चार खाल्ल्या. इतक्या चवीने मी कधीच जेवलो नाही.

कोलकात्याला परतल्यावर सान्यांनी मंडळात सांगितलं, डिझेलमध्ये पाणी होतं. मी ऐकून घेतलं. मग एका रविवारी मंडळाची सभा संपल्यावर म्हणालो, "चला साने, सोडतो तुम्हाला. वाटेवरच आहे."

कोलकाता सपाट. इथे घाटासारखा चढ-उतार नाहीच... फक्त फ्लायओव्हर. मी मुद्दाम पार्क सर्कसवरून 'मा' नावाचा फ्लायओव्हर घेतला. गाडी पेट्रोलवरची, नुकतंच सर्व्हिसिंग झालेलं. अर्ध्या चढावर बंद पडली.

"उतरा," मी म्हणालो.

"इथे? फ्लायओव्हरवर?"

"उतरा हो."

ते उतरले. मी किल्ली फिरवली - सुरू. ते बसले - बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक मोटरसायकलवाला खिडकीपाशी येऊन ओरडला, "दादा, गाड़ी शोरान!" - गाडी हलवा.

"तुम्ही गाडीत काहीतरी केलंय," साने म्हणाले.

"भूतानच्या तिन्ही गाड्यांतही मीच केलं?"

ते वळून मागच्या रांगेकडे पाहू लागले.

"कर्मा ज्याची गाडी चालवायचा, त्या मालकाला फोन लावा. स्पीकरवर."

"अहो, घरी जाऊन बोलू ना... इथे लोक मारतील आपल्याला!"

"मारू देत. मला घाई नाही."

त्यांनी फोन लावला. "कर्मा रुकना चाहता था," ते म्हणाले. "मैंने चलने को बोला."

"का, तेही सांगा."

"...खाना ठंडा हो रहा था."

मग मालकाने विचारलं, "यही बात थाने में बोलेंगे, साब?"

सान्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो.

"बोलूंगा."

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

साने फुन्शोलिंगच्या ठाण्यात गेले आणि बोलले. कर्मा आता पुन्हा त्याच रस्त्याने गाडी चालवतो.

दोन मेकॅनिकना मी माझी गाडी दाखवली. दोघांचं एकच - "गाड़ी तो ठीक आछे, दादा." भावोजी म्हणतात, ती ताईच होती. सुनंदाला ते पटत नाही. "ताईंनी कुणाचा राग दोन दिवस तरी धरला होता का? उलट्या त्याच सान्यांची विचारपूस करत बसल्या असत्या." हे अगदी खरं आहे. मग ते कोण होतं, कुणाचा राग होता, हे मला सांगता येत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

गेल्या महिन्यात सान्यांना मी पुन्हा एकदा घरी सोडलं. फ्लायओव्हरवरूनच नेलं. जीव मुठीत धरून बसले होते बिचारे. गाडी एकदाही अडखळली नाही. आणि पूर्ण चढभर, खोटं कशाला बोलू, ती बंद पडावी म्हणून मी वाट पाहत होतो.