तात्यांचं तट्टू मुंबईला गेलं

चार जुने लोक भेटले की ऑफिसचे किस्से निघतातच. हैदराबादच्या आमच्या रेकॉर्ड ऑफिसातले निम्मे किस्से तात्यांचे! तात्या आमचे हेडक्लार्क. मुलांसाठी तट्टांच्या गोष्टी लिहायचे. तीन पुस्तकं छापून आली होती, आम्ही कुणी एकही वाचलं नव्हतं.

*

तात्या जन्मात घोड्यावर बसले नव्हते. एकदा गौलीगुड्यात टांग्याच्या तट्टाची शेपटी टेपनं मोजताना टांगेवाल्यानं पकडलं.

"क्यों साब, खरीदना है क्या?"

"नक्को मियाँ, लिखना है!"

टांगेवाल्यानं तट्टू गुपचूप चार पावलं लांब नेलं.

*

साहेबांनी एकदा विचारलं, "तात्या, तट्टूच का? चांगला घोडा का नाही?"

"घोड्याला सलाम करावा लागतो, साहेब. तेवढा ऑफिसात होतो!"

साहेब दोन दिवस बोलले नाहीत.

*

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू कागद इथंच, कानडी म्हैसूरकडे, मराठी मुंबईकडे. गठ्ठे बांधायचं काम माझ्याकडे. वाचायला वेळ कुणाला? लिपी बघायची, फीत आवळायची, पुढचा!

तात्यांना हस्तलिखितसुद्धा सरकारी फाइलीत, लाल फितीत ठेवायची सवय. चौथ्या पुस्तकाची एकुलती एक प्रत अशी मुंबईला गेली.

तात्यांनी कपाटं उपसली. "अरे, तू पाहिलंस का?" मला विचारलं. ते माझ्याच गठ्ठ्यात गेलं, हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी म्हणालो, "नाही बुवा." खरं सांगायला जीभच रेटली नाही. आजही त्याची लाज वाटते.

*

तात्यांनी अंदाजानं मुंबईला पत्र घातलं. उत्तर आलं, "संबंधित तालुका व सर्व्हे नंबर कळवावा."

"तट्टाला कुठला आलाय सर्व्हे नंबर!" तात्या खो खो हसले.

"पुन्हा लिहा की, तात्या," मी म्हणालो.

"नाही रे. पहिल्यासारखं नाही जमायचं." त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही.

*

तात्या गेले, आणि महिन्याभरानं मुंबईहून पत्र आलं.

"सदर फाइल सापडली असून कार्यालयातील सर्वांनी वाचली आहे. तथापि शेवटचे प्रकरण जोडलेले नाही. हरवलेले तट्टू घरी पोचले किंवा कसे, याचा खुलासा त्वरित करावा."

शेवटचं प्रकरण तात्यांनी लिहिलंच नव्हतं. पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. दुसऱ्या दिवशी मी कोरा कागद घेतला, वर जावक नंबर टाकला आणि खाली लिहिलं, "पोचले."