उपासाला चालणारं चॉकलेट

शुक्रवारी आईला देव्हाऱ्यासमोर चक्कर आली तेव्हा मी ऑफिसला निघालेली, एक चप्पल पायात आणि एक हातात. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, उपाशी राहायचं नाही. आईनं त्यांच्यासमोर गुणी मुलीसारखी मान हलवली आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "मंगळवार सोडतो. शुक्रवार न्हाय सुटायचा."

आता हे काय? मंगळवार मी लहानपणापासून बघतेय. शुक्रवार अलीकडचा. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून, नवऱ्याच्या घरातून, दोन बॅगा घेऊन इथं कळंब्याला तिच्याकडे आले, त्यानंतर कधीतरी सुरू झालेला. त्या दिवशी ती दोन घास साबुदाणा चिवडते आणि बाकीचा दिवस चहावर काढते. मी चिडले, बडबडले, दोन दिवस अबोला धरला. ती ढिम्म.

एका गोष्टीला मात्र ती कधी नको म्हणत नाही, ती म्हणजे चॉकलेट. म्हणून मी मोबाइलवर शोधलं. शेंगदाण्याचं बटर, चॉकलेट आणि सीरियल एकत्र थापून वड्या पाडायच्या, ओव्हन नको, काही नको, असं एक बाई हसत हसत सांगत होती. शेंगदाणे उपासाला चालतात. सीरियल म्हणजे मक्याचे पोहे, ते बाद, तिथं राजगिऱ्याच्या लाह्या घालता येतील. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं. गाडी अडली ती चॉकलेटपाशी.

शेजारच्या काकू म्हणाल्या, कॉफी चालते तर चॉकलेटनं काय घोडं मारलंय? कागलची मावशी फोनवर म्हणाली, "ते फळ हाय का बी, ते आधी सांग. बी असंल तर न्हाय चालायचं." मग शेंगदाणा कोण, असं विचारलं तर म्हणाली शेंगदाण्याचं वेगळं हाय. दुकानदारानं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, तर त्यात सोयाबीनचं काहीतरी निघालं. शेवटी मी नुसती कोको पावडर घेऊन घरी आले. ती चालते का नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मला तर त्याहून नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेंगदाणे भाजले, सालं काढून पाखडले, मिक्सरला लावले. कूट झालं की आपला हात आपोआप थांबतो. इथं थांबायचं नसतं. कुटाचा गोळा होतो, तो भांड्याला चिकटून बसतो, आपल्याला वाटतं बिघडलं, आणि मग तेल सुटून सगळं पातळ होतं. मी खूश झाले. बोटानं चाखलं तर लसूण. कांदा-लसणाची चटणी ज्यात वाटतो तेच भांडं मी लावलं होतं. उपासाला कांदा-लसूण, म्हणजे झालंच की कल्याण. खरं सांगते, मला रडू आलं, वाटीभर शेंगदाण्यापायी.

पुन्हा भाजले, दुसरं भांडं घेतलं. गूळ मंद आचेवर पातळ केला, त्यात शेंगदाण्याचं बटर, कोको, मग लाह्या. तूप लावलेल्या ताटात वाटीनं दाबून थापलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभरानं वड्या कापल्या, तर चक्क जमल्या होत्या.

सकाळी आईनं डब्यातली वडी हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. "ह्यात काय काय हाय?" मी सगळं सांगितलं, कोकोसुद्धा.

"चालतं का नाही मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण तू खा. कुणासाठी करतेस हा शुक्रवार? उपाशी मर म्हणून देवीनं सांगितलंय का तुला?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "जावयानं न्यायला यावं म्हणून."

तीन वर्षं मी या घरात ओरडून सांगत आलेय की मी परत जाणार नाही. वकिलानं दिलेले कागदही कपाटात आहेत, साड्यांच्या खाली, सही न केलेले. ते तिनं पाहिले असणार, कारण कपाट तीच आवरते.

तिनं वडी ताटलीत ठेवली. "सोडतो की उपास. आत्ता खातो, दोन खातो. तू एकदा शांतपणी सांग, तुला जायाचं न्हाय. मग मी कशाला करू?"

किती सोपं होतं. जे रोज ओरडून सांगते तेच हळू आवाजात सांगायचं होतं. पण मी ताटलीच तिच्याकडे सरकवली. मला जायचंय का? नाही. मग अडतंय कुठं? मला माझंच कळेना. आई माझ्याकडे बघत बसली होती, अजिबात घाई न करता.

"कोको चालत असेल गं," मी म्हणाले. "खा."

आईनं वडी उचलली, परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.