दिलेलं प्यादं

कोळवणच्या घरातली भाताची कणगी रिकामी करताना तळाशी बुद्धिबळाचा डबा लागला. झाकण उघडताच आंबेमोहराचा वास आला आणि खळ्यावरची ती दुपार आठवली.

मी आठवीत होते. समोर वडील, आमचे अण्णा. त्यांचं एक प्यादं उघड्यावर दिसलं, ते मी खाल्लं. हावरटासारखं दुसरंही खाल्लं. तेवढ्यात त्यांचे उंट-घोडे मोकळे झाले आणि आठ-दहा चालींत माझ्यावर मात! मी हबकलेच.

"अण्णा, तुमी मुद्दाम दिली प्यादी?"

"मंग? काय दिल्याबिगर वाट कवा मोकळी झालीया?"

त्याच आठवड्यात त्यांनी रस्त्यासाठी आमच्या खाचराची पट्टी फुकट सोडली होती. आई त्यांच्याशी बोलत नव्हती, गाव त्यांना वेड्यात काढत होतं. मलाही त्यांची लाज वाटत होती.

पुढं रस्ता झाला, एसटी आमच्या आळीपर्यंत आली. तिच्यात बसून कॉलेजला गेलेली आळीतली पहिली मुलगी मी.

हातात प्यादं घेऊन मी कणगीपाशी बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती पट्टी अण्णांनी गावाला दिली.