बेलापूरचे टर्नर

एखाद्या आडनावाची गावात शंभर घरं असली की त्याचे किस्सेही शंभर घरांत वाटले जातात. आमचं तसं नाही. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात टर्नर म्हणजे एकच घर, आमचं. त्यामुळे या नावावरून जे काही घडतं ते सगळं आमच्याच ओट्यावर येऊन साठतं.

माझे आजोबा विल्यम टर्नर इंग्लंडहून इकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. इथल्याच दवाखान्यातल्या नर्सशी, म्हणजे माझ्या आजीशी, त्यांनी लग्न केलं आणि पुढे इथल्याच मातीत गेले. ते गोरेपान. माझे वडील गव्हाळ. मी उन्हात वेल्डिंग करून जसा व्हायचा तसा झालो. रंग पिढीगणिक उतरत गेला, आडनाव तेवढं राहिलं.

*

दहावीनंतर मी आयटीआयला गेलो. खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"टर्नर."

"ट्रेड नंतर विचारतो. आधी नाव सांग."

"नावच टर्नर आहे साहेब. प्रकाश टर्नर."

आता त्याने वर पाहिलं. "आणि ट्रेड कुठला पाहिजे?"

"वेल्डर."

त्याने पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाला, "जरा चहा सांगा हो. याला वेळ लागणार."

पुढच्या सगळ्या ट्रेनिंगभर मी चुकीच्या शेडमध्ये हाकलला जात होतो. हजेरी घेणारे सर नवीन आले की म्हणायचे, "टर्नर तिकडे, पलीकडच्या लेथच्या शेडमध्ये." मीही मुकाट्याने जायचो. तिथले सर मला पाहून म्हणायचे, "आलास? बस. चहा घे आणि परत जा."

*

पास होऊन गावात दुकान टाकलं. उसाच्या ट्रॉल्या, गेट, ग्रिल, सगळी वेल्डिंगची कामं. बोर्ड लावला, 'टर्नर वेल्डिंग वर्क्स'.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मोटारीचा शाफ्ट घेऊन. "हे जरा टर्निंग करून द्या."

मी म्हणालो, "लेथ मशीन नाही माझ्याकडे."

तो बाहेर गेला, बोर्ड पुन्हा वाचला आणि आत आला. "बोर्डावर तर टर्नर लिव्हलंय."

"ते माझं आडनाव आहे."

"मग आडनाव लावायच्या आधी मशीन घ्यायचं व्हतं."

असे रोज दोघं-तिघं यायचे. काही वर्षं मी त्यांना परत पाठवलं. शेवटी सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "लोक एवढ्या लांबून नाव वाचून येतात. त्यांना खोटं कशाला पाडायचं?" मग लेथ मशीन घेतलं आणि चालवायला शिकलो. आज दुकान चालतं ते निम्म्याहून जास्त त्या मशीनवर. तिन्ही मुलं त्याच्याच कमाईवर शिकली.

*

सुनंदा शेवगावची. आमच्यासारख्याच ख्रिस्ती घरातली, पण आडनाव अस्सल मराठी. मी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी माझ्या वडिलांना विचारलं, "पाहुणे, मूळ गाव कोणतं?"

"बेलापूर."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आधी इंग्लंड."

मामांनी सुपारी कातरायची थांबवली. मग ते म्हणाले, "स्थळ लई लांबचं हाय. पोरीला सणावाराला माहेरी यायला जमंल का?"

आमच्याबरोबर शेजारचे नाना आले होते. माझ्या आजोबांच्या गाडीवानाचे, पिराजींचे, ते थोरले चिरंजीव. नाना पुढे सरकले. "मामा, पोरगा बेलापूरचा हाय. इंग्लंडात त्याला कुत्रंसुदिक वळखत न्हाई. मी जबाबदार हाय, तुमी पोरगी द्या."

जमलं. नाना तेव्हा असे मधे पडले नसते तर मी आजही हाताने भाकरी थापत असतो.

*

इंग्रजी नाव खेड्यात आलं की हळूहळू गावचं होतं. वडिलांच्या रेशन कार्डावर कुणीतरी टर्नरचं 'तरणे' केलं होतं. वडिलांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, "राहू दे, चांगलं वाटतं."

ऐंशी ओलांडल्यावर ते छातीत पाणी झालं म्हणून दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आशा धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन नर्स वॉर्डात आली आणि कागद बघून ओरडली, "तरणे कोण आहे?"

सगळ्या खाटांवर म्हातारी माणसं. वडिलांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि हात वर केला. "मी. का, दिसत नाही का?"

अख्खा वॉर्ड हसला. ती नर्स तर भिंतीला टेकली. त्यानंतर जाता-येता ती त्यांच्याजवळ थांबायची, "काय तरणे, जेवलात का?" म्हणायची, चमच्याने पेज भरवायची. वडील चालत घरी आले आणि आणखी चार वर्षं जगले. औषधांनीच जगले असतील. पण मी त्या नर्सला दर नाताळला करंज्या नेऊन देतो.

*

परवाच्या हिवाळ्यात ॲलिसन आली. आजोबांच्या धाकट्या भावाची नात, म्हणजे माझी चुलत चुलत बहीण. माझ्या मुलीने, रीनाने, तिला इंटरनेटवर शोधलं की तिने रीनाला, यावर दोघींचं अजून एकमत नाही. मी तिला शिर्डीच्या विमानतळावर घ्यायला गेलो. हातात 'टर्नर' लिहिलेला पुठ्ठा. शेजारी उभा असलेला टॅक्सीवाला म्हणाला, "काका, कारखान्याचा मानूस यायचाय का?"

गावात आल्यावर ती दुकानासमोर उतरली आणि बोर्डाकडे बघत उभीच राहिली. मग तिने सांगितलं, रीना मराठीत करून सांगत होती. तिकडे टर्नर पैशाला पासरी आहेत. पण आमच्या पणजोबांच्या घरातले टर्नर म्हणाल तर आता ती आणि तिचा भाऊ, एवढेच. भावाला मूलबाळ नाही, तिचं लग्न नाही. "मला वाटलं होतं, आमच्याबरोबर हे संपलं," ती म्हणाली.

सुनंदाने तिचा हात धरून आत नेलं आणि ताटावर बसवलं. पोरं, सुना, नातवंडं, सगळे टर्नर एकेक करून तिच्या पाया पडले. तिला पाया पडणं काय ते माहीत नव्हतं. ती प्रत्येकाला उठवायला वाकत होती आणि रडत होती.

*

नावाचा उगम तिनेच सांगितला. मूळ शब्द इंग्रजांचाही नाही म्हणे. फार जुन्या काळी फ्रान्सकडून समुद्र ओलांडून राज्य करायला माणसं आली, त्यांच्या बोलीतून तो इंग्लंडात आला. लाकूड फिरवून त्याच्या वाट्या, थाळ्या करणारा तो टर्नर. एका गावात चार जॉन असले की लेथवाला जॉन तो जॉन टर्नर.

त्या दिवशी श्रीरामपूरचे रफिकभाई आले होते. माझे जुने दोस्त, लाकडी पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खुंट करतात. ते ऐकून एकदम म्हणाले, "अरे, मग आपण एकच की."

"कसे काय?"

"माझं आडनाव काय?"

"खरादी."

"आणि खराद म्हणजे काय? लेथच ना? तुझं नाव मराठीत लिहिलं की माझं होतं. तीस वर्षं आपण एकमेकांना आडनावाने हाका मारतोय आणि दोघांच्याही लक्षात नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिसवीचं एक लाटणं करून आणलं, ॲलिसनच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "भाऊबंदांकडून."

जाताना विमानतळावर तिच्या हँडबॅगेत ते लाटणं सापडलं. तपासणाऱ्या शिपायाने विचारलं, "मॅडम, ये क्या है?"

ती म्हणाली, "माय सरनेम."

*

पण ती जायच्या आधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. नाना भेटायला आले होते. नव्वदीला टेकलेत, काठी घेऊन चालतात. ॲलिसनने त्यांना विचारलं, विल्यम परत का आला नाही? तिच्या घरात सगळे सांगायचे, त्याचं जहाज चुकलं.

नाना म्हणाले, "जहाज न्हाई. रेल्वे."

मग त्यांनी सांगितलं. देश स्वतंत्र झाल्यावर कारखान्यातले साहेबलोक एकेक करून निघाले. आजोबांचीही तिकिटं आली. त्यांना जायचं नव्हतं, पण राहावं कसं हेही कळत नव्हतं. सामान पिराजींच्या बैलगाडीत भरलं. आजी आणि माझे वडील पेट्यांवर बसले. गाडी स्टेशनाच्या वाटेला लागली आणि ओढ्याजवळ पिराजींनी बैल थांबवले. "साहेब, बैल लंगडाय लागला." बैलाला दम खाऊ देऊन, पाणी पाजून पोचेपर्यंत मुंबईची गाडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. पुन्हा ओढा आला, पुन्हा बैल लंगडला.

या वेळी आजोबा खाली उतरले. यंत्राचा एकेक भाग बघावा तसे त्यांनी बैलाचे चारही खूर उचलून बघितले, सांधे दाबून बघितले. मग पिराजींकडे बघितलं. पिराजी आभाळाकडे बघत होते.

"पिराजी, उद्या पण लंगडंल का?"

"आता काय सांगावं साहेब. मुकं जनावर हाय."

आजोबा गाडीत चढून आजीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मग घरी चल."

रीना इंग्रजीत सांगायची थांबली. मग ॲलिसनने हळूच विचारलं, बैलाचा कोणता पाय लंगडत होता?

नानांनी आठवून सांगितलं, "पयल्या दिशी उजवा. दुसऱ्या दिशी डावा. बाप इसरला हुता."