ग्लेंडा ॲक्रॉइडनं दिलेला शब्द

ग्लेंडा ॲक्रॉइड सकाळी साडेआठला आता काय करत असेल, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. सत्तावीस वर्षं ती त्या वेळी चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभी असायची. अंगात पिवळा चकाकता कोट, हातात ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी आणि तोंडाची टकळी चालू. गेले सहा आठवडे तिथे कौन्सिलनं पाठवलेला एक मिशीवाला गृहस्थ मुलांना रस्ता ओलांडून देतो. माणूस कामाला चोख आहे, पण एकाही मुलाचं नाव त्याला ठाऊक नाही. ग्लेंडा घरी बसली आहे ती माझ्या पत्रामुळे. गुरुवारी शाळेच्या समितीपुढे तिची सुनावणी आहे. तिची नोकरी राहणार की जाणार, ते त्या दिवशी ठरेल.

घरात सगळे झोपलेत. मला झोप येत नाही म्हणून लिहिते आहे. आमच्या थॉर्नशॉ गावात गेल्या दीड महिन्यात तिच्याबद्दल इतकं बोललं गेलं की त्यात खरी ग्लेंडा शोधूनही सापडत नाही.

ती इथलीच. कापड गिरणीच्या मागच्या रांगेतल्या घरात जन्मली आणि सोळाव्या वर्षी आईच्या शेजारी मागावर उभी राहिली. मागांचा आवाज असा की शेजारणीनं किंकाळी मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून बायका आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. अख्ख्या शेडमधल्या भानगडी अशा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायच्या. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण ओठ वाचायची कला ग्लेंडाकडे राहिली. मग ती शाळेत लागली. सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावर पाटी धरायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुलांना वाढायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

तिथे तिची कला भलतीच कामाला आली. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती ओरडायची, “ए जेथ्रो, ती शिवी गीळ परत! मी पाहिली.” किंवा, “नोरा, तुझं सँडविच कुत्र्यानं नाही खाल्लं, शाळेत कुत्रा नाहीये.” मुलांना वाटायचं, बाईला चेटूक येतं. नवरा डेरिक नऊ वर्षांपूर्वी गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. पण ‘एकटी’ हा शब्द तिला कधी लावावासा वाटला नाही. दीडशे मुलांपैकी कुणाला वाटाणे चालत नाहीत आणि कुणाच्या घरी सध्या वडील राहत नाहीत, सगळं तिला तोंडपाठ.

माझं लेकरू दहा वर्षांचं आहे. नाव इझोबेल ठेवलं, मुलगी म्हणून वाढवलं. आता काय म्हणायचं, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही, म्हणून इथे मी लेकरूच म्हणते.

ऑक्टोबरात एका दुपारी ते मैदानाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ग्लेंडानं लांबून वाचलं. “हॅलो, मी ओवेन. माझं नाव ओवेन.” पुन्हा पुन्हा तेच, पाठ केल्यासारखं. ती गेली आणि शेजारी बसली. पुढचं मला नंतर लेकरानंच सांगितलं.

“ओवेन कोण, बाळा?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच. आत्ता भिंतीला सांगत होतास की.”

मग रडणं, नाक पुसणं, आणि शेवटी, “आईला नका सांगू. कुणालाच नका सांगू. शब्द द्या.”

ग्लेंडानं शब्द दिला.

तिची चूक ती एवढीच, पण शाळेच्या हिशेबी ती लहान नाही. दर सप्टेंबरला सगळ्या कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण असतं, आणि त्यात दोन गोष्टी घोकून घेतात. मोठ्या माणसानं कुठल्याही मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही. आणि मूल जे बोललं ते त्याच दिवशी फॉर्मवर लिहून त्या कामासाठी नेमलेल्या शिक्षिकेकडे द्यायचं. खाली ग्लेंडाची दर वर्षीची सही आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते, आम्हालाही हेच शिकवतात. हे नियम कुणी हौसेनं केलेले नाहीत. ‘हे आपल्या दोघांतलं हं’ असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनी या देशात किती मुलांची वाट लावली, ते वर्षानुवर्षं बाहेर येत राहिलं आहे.

ग्लेंडानं फॉर्म भरला नाही. ताट पुढे सरकवताना हळूच ‘ओवेन’ म्हणायची, एवढंच. मग लेकरानं दोघा-तिघांना स्वतःहून सांगितलं, त्यांच्यातून ते वर्गभर झालं. डिसेंबरात वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण घरी आलं, त्यावर ‘ओवेनला’ असं लिहिलेलं. मी त्या मुलीच्या आईला कळवलं की कार्ड चुकून आमच्याकडे आलंय. तिचा फोन आला. “अगं ब्रायनी, तुला खरंच माहीत नाही?”

अख्ख्या वर्गाला माहीत होतं, जेवण वाढणाऱ्या बाईला माहीत होतं, आणि आई बाहेर. मी त्याच दिवशी शाळेला दोन पानी तक्रार लिहिली. त्यात एक वाक्य होतं, ‘शाळेतल्या एकाही व्यक्तीनं मला याची पुसटशीही कल्पना दिली नाही.’ माझ्या नवऱ्यानं, गॅरेथनं, ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “हे वाक्य जबरदस्त आहे. यावर त्यांना उत्तरच नाही.”

ग्लेंडाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आणि मग ते पत्र माझं राहिलंच नाही.

जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मुख्याध्यापिका मिसेस लॉटन सांगत होत्या की अशा मुलांबाबत सरकारचा नवा मसुदा एक म्हणतो, आपलं जुनं धोरण दुसरंच म्हणतं, आणि दोन्हींचा मेळ घालायचं काम चालू आहे. मेळ कुणालाच नको होता. मागून एक बाप ओरडला, “उद्या माझ्या पोरानं सांगितलं मी मांजर आहे, तर काय बशीत दूध देणार?” थोडे लोक हसले. तेव्हा पोस्टात काम करणारी विल्मा उठली. म्हणाली, “माझी मुलगी ट्रान्स आहे. सव्वीस वर्षांची आहे, मांजर नाही. शाळेत असताना तिला कुणाला सांगता आलं नाही. मला कळलं ते दवाखान्यात, तिनं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केल्यावर, तिच्या खाटेपाशी. तेव्हा एखादी ग्लेंडा असती तर बरं झालं असतं.” मग दुसऱ्या बाजूनं एक आई उठली आणि म्हणाली, “माझ्या लहान बहिणीला पोहण्याच्या मास्तरानं असाच शब्द दिला होता. कुणाला सांगणार नाही म्हणून. मला ट्रान्स लोकांशी काही भांडण नाही. पण माझ्या मुलाचं आणि शाळेतल्या मोठ्या माणसाचं एकही गुपित मला नको.”

मला दोघींचं पटलं. टाळ्या दोघींनाही झाल्या, पण वेगवेगळ्या लोकांच्या. दोन्हीकडचे लोक मधूनमधून ‘ती बिचारी आई’ म्हणून माझा दाखला देत होते आणि मी तिसऱ्या रांगेत कोट न काढता बसले होते.

ग्लेंडाला सभेला यायची मनाई होती. ती मला दिसली पुढच्या शनिवारी, खिम्याच्या गरम ‘मीट पाय’ मिळतात त्या बेकरीत. रांगेत ती पुढे, मी तिच्या पाठीमागे चौथी. पॉलीन म्हणून आहे, लोकर विकते, ती तिचा हात धरून म्हणत होती, “ग्लेंडा, तू वाघीण आहेस. गुरुवारी आम्ही तुझ्या नावाचे फलक घेऊन उभे राहणार.”

“फलक धरून हात दुखतात गं. मी सत्तावीस वर्षं धरलाय, मला विचार.”

“पण तुझ्यावर अन्याय...”

“अन्याय कसला? नियम बरोबर आहे, पॉलीन. दर सप्टेंबरला बिस्किटं खाऊन सही करते मी त्यावर. चुकले ते चुकले.”

“बघा, कबूल करतेय!” शॅरन म्हणाली. ती दुसऱ्या बाजूची. “पोरांच्या डोक्यात नाही नाही ते भरवणं कबूल!”

“शॅरन बाई, तुझ्या थोरल्याच्या बुटाची नाडी चौथीपर्यंत मी बांधली. तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात काही भरता आलं असतं तर आधी पाढे भरले असते.”

सगळं दुकान हसलं. शॅरनसुद्धा हसली. तेवढ्यात ग्लेंडा वळली आणि तिनं मला पाहिलं. चौकशी संपेपर्यंत तिनं माझ्याशी बोलायचं नाही, असं तिला लेखी दिलेलं होतं. ती बोलली नाही. फक्त ओठ हलवले, मला कळावं म्हणून अगदी सावकाश. “पोर बरं आहे ना?”

मी मान हलवली. ती आपली पुडी घेऊन निघून गेली.

आता जे मी तक्रारीत लिहिलं नाही ते लिहिते.

नोव्हेंबरात एका सकाळी मी लेकराला सोडून दुकानाकडे धावत होते. उशीर झाला होता. ग्लेंडानं पाटी आडवी धरून मला फुटपाथवर थांबवलं. रस्त्यात एकही गाडी नव्हती.

“ब्रायनी, बाळा, आज चहाच्या वेळी तो फोन खणात टाक.”

“का गं?”

“तुझ्या पोराला तुझ्याशी बोलायचंय. काही विचारू नकोस. नुसती बस शेजारी. गप्प बस, तुला जमत असेल तर.”

मी हसले, “हो, हो,” म्हटलं आणि पळाले. त्या संध्याकाळी मी बसले खरी. लेकरानं बश्या पुसता पुसता विचारलं, “आई, माणसाला आपलं नाव बदलता येतं का?” मी म्हटलं, “मोठं झाल्यावर बघू.” आणि दुकानातून फोन आला, तो घेतला. खणात टाकलाच नव्हता.

म्हणजे मला कल्पना दिली होती. फॉर्मवर नाही, पण समोर उभं राहून, माझा रस्ता अडवून दिली होती. तक्रार लिहिताना ही सकाळ मला आठवत नव्हती असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. आठवत होती. रागाच्या भरात ती मला नको होती.

आज शाळेचं पत्र आलं. मिसेस ॲक्रॉइड यांना तक्रारीतला शब्द न् शब्द मान्य आहे, त्यांनी बचावात काही मांडलेलं नाही, सबब गुरुवारी आपण हजर राहण्याची गरज नाही. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं तीनदा वाचलं. शब्द न् शब्द. ते वाक्यसुद्धा. ती नोव्हेंबरची गोष्ट सांगितली असती तर तिचं पारडं बरंच जड झालं असतं. पण ते सांगायचं म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द आपण अर्धामुर्धा का होईना मोडला, हे कबूल करायचं. आणि हे गाव असं की ते संध्याकाळपर्यंत पोरापर्यंत पोचणार. मला वाटतं, ती त्यासाठीच गप्प बसली आहे. नक्की ठाऊक नाही, विचारायची सोय नाही.

जेवताना गॅरेथला सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

“म्हणजे तुला सांगितलं होतं?”

“तसं म्हटलं तर हो.”

“तसं म्हटलं तर! ब्रायनी, आता हे बोललीस तर आपण खोटे ठरू. इतके लोक आपल्या मागे उभे राहिलेत.”

“मी त्यांना उभं राहायला सांगितलं नव्हतं.”

“आणि तक्रार? ती मागे घेणार?”

नाही, मागे घेणार नाही. त्याला मी तेच सांगितलं. मला अजूनही वाटतं की शाळेनं मला रीतसर सांगायला हवं होतं, निदान कुणा जाणत्या माणसानं लेकराशी आधी बोलून, त्याला तयार करून. जेवण वाढणाऱ्या बाईनं हे ओझं एकटीनं उचलायला नको होतं. ग्लेंडाही हे नाकारत नाही. पण त्यासाठी तिला ताकीद द्यावी, पुन्हा प्रशिक्षणाला बसवावं. माझ्या एका खोट्या वाक्यावर तिची नोकरी जाऊ नये. गॅरेथनं ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. मग म्हणाला, “तुला जे करायचं ते कर, पण पोराला आधी सांग.”

ते बरोबर होतं. झोपवताना मी सांगितलं. ग्लेंडानं तुझं नाव नाही सांगितलं, गुपित नाही सांगितलं, फक्त मला तुझ्याजवळ बसायला सांगितलं होतं, आणि मी नीट बसले नाही. आता मला ते समितीला सांगावं लागेल, चालेल का? लेकरू छताकडे बघत होतं. मला वाटलं, आता रागावणार.

“त्या म्हणाल्या होत्या मला,” ते म्हणालं. “की मी तुझ्या आईला फक्त थांबवीन, सांगणार तूच.”

“मग तू मला हे का नाही सांगितलंस?”

“तू पत्र लिहीत होतीस.”

म्हणजे शब्द मोडलाच नव्हता; ती गप्प आहे ती पोरापुढे त्याची आई खोटी ठरू नये म्हणून असेल.

समितीचे अध्यक्ष मिस्टर प्रायर सकाळी आठला कुत्र्याला फिरवून घरी येतात. त्यांचा नंबर शाळेच्या पत्राच्या तळाशी आहे. मी ते पत्र किटलीला टेकवून ठेवलंय. फोनवर काय बोलायचं ते चारदा लिहून खोडलं, कारण प्रत्येक वेळी मी आधी स्वतःची बाजू मांडायला लागते. आता एवढंच ठरवलंय. सुरुवातीलाच सांगायचं की मी इझोबेलची, ओवेनची आई बोलते आहे, माझ्या तक्रारीतलं एक वाक्य खरं नाही, आणि गुरुवारी मला सुनावणीला बसू द्या. आठ वाजता मी फोन करणार आहे.